सें-नाझेरचा गँगवे: सुरक्षित वाट द्यायची जबाबदारी कोणाची?

शनिवार, १५ नोव्हेंबर २००३. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ल्वार नदी समुद्राला मिळते, तिथे सें-नाझेर हे गोदीचं गाव आहे. तिथल्या शांतिए द लातलांतिक या जहाजबांधणी कारखान्याच्या सुक्या गोदीत 'क्वीन मेरी २' उभं होतं. लांबी ३४५ मीटर. तोवर बांधल्या गेलेल्या प्रवासी जहाजांत सगळ्यांत मोठं. त्या दिवशी कामगार आपल्या घरच्यांना जहाज दाखवायला घेऊन आले होते. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये टाकलेल्या गँगवेवर बरीच माणसं एकदम आली आणि गँगवे त्यांच्यासकट कोसळला. खाली गोदीचा कोरडा तळ, साधारण १५ मीटर. १६ माणसं गेली. जखमी तीसच्या आसपास.

जहाजबांधणीच्या सुरक्षेत काम करायला नवी मुलं येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी हे प्रकरण सांगतो. यात स्फोट नाही, वायुगळती नाही, क्रेन पडलेली नाही. माणसं फक्त चालत होती. जहाजावर जाण्याची जी वाट त्यांना दाखवली, त्या वाटेवर त्यांनी पाय ठेवला, एवढंच त्यांनी केलं. सुरक्षित वाट पुरवणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, हे वाक्य पुस्तकात वाचून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. सें-नाझेरचं ऐकल्यावर येतो.

आधी त्या शनिवारपर्यंतचा घटनाक्रम बघू. जहाजाची मागणी २००० च्या नोव्हेंबरात नोंदवली गेली. ४ जुलै २००२ ला कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, टाकली, २१ मार्च २००३ ला जहाज पाण्यावर आलं. सप्टेंबरच्या शेवटी आणि पुन्हा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्रावरच्या चाचण्या झाल्या. दुसऱ्या चाचणीहून ते परतलं त्याला जेमतेम काही दिवस झाले होते, आणि डिसेंबर संपायच्या आत ते मालकांच्या ताब्यात द्यायचं होतं. गोदीत ज्यांनी काम केलंय त्यांना हे शेवटचे आठवडे कसे असतात ते माहीत आहे. पोलादाचं काम करणारे मागे पडतात आणि गालिचेवाले, वायरमन, सुतार, रंगारी, साफसफाईवाले यांची झुंबड उडते. प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, मुकादम वेगळा, भाषासुद्धा वेगळी. सें-नाझेरमध्ये तर अनेक देशांतून आणलेले ठेक्याचे कामगार होते. त्यांत भारतीयही होते. त्याच वर्षी तिथल्या भारतीय कामगारांनी थकलेल्या पगारासाठी काम बंद केलं होतं. म्हणजे ही गोष्ट कुठल्या तरी लांबच्या देशाची आहे असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

घरच्यांना का आणलं होतं, हेही समजून घ्यायला हवं, कारण पुष्कळ जण पहिला दोष तिथेच देतात: कामाच्या जागी बायकापोरांना आणायचंच कशाला? सुतार आपलं कपाट दाखवू शकतो, गवंडी बायकोला रस्त्यावरून इमारत दाखवू शकतो. जहाज बांधणाऱ्याचं तसं नाही. त्याचं काम पुरं झालं की ते निघून जातं, आणि बहुतेक वेळा तो ते जन्मात पुन्हा बघत नाही. दोन वर्षं ज्या पोलादात हात काळे केले, ते घरच्यांना दाखवायची एकच संधी असते, जहाज निघण्याआधीची. ही प्रथा जगभरच्या गोद्यांत आहे, आपल्याकडेही आहे, आणि ती चांगली प्रथा आहे. तिची तयारी नीट व्हावी लागते.

आता वाटेकडे येऊ. कारखान्यात जिना एकदा बांधला की वीस वर्षं तिथेच असतो. जहाजाच्या बाबतीत वाट रोज बदलते. सुक्या गोदीत जहाज ठोकळ्यांवर बसलेलं असताना डेकची उंची एक, गोदीत पाणी सोडलं की दुसरी. धक्क्याला लागलं की भरती-ओहोटीबरोबर गँगवेचा कोन बदलतो. आज जे दार उघडं आहे ते उद्या पॅनेल लावून बंद होतं, मग गँगवे उचलून दुसऱ्या दाराशी न्यावा लागतो. सें-नाझेरचा तो गँगवे आदल्याच दिवशी बसवलेला होता. तो पुरवून बसवण्याचं काम एंडेल या कंपनीचं, म्हणजे ठेकेदाराचं होतं.

म्हणूनच जहाजबांधणीतल्या वाटेसाठी वेगळे नियम करावे लागले. ब्रिटनमध्ये १९६० साली जहाजबांधणी आणि जहाजदुरुस्तीसाठी स्वतंत्र नियमावली आली आणि जहाजावर चढण्या-उतरण्याच्या साधनांवर तीत स्वतंत्र कलमं होती. अमेरिकेच्या गोदीविषयक नियमांत सुक्या गोदीतल्या जहाजाच्या गँगवेलाही मापं घालून दिली आहेत: चालायची जागा किमान २० इंच रुंद, कठडा साधारण ३३ इंच उंच, मध्ये एक आडवा दांडा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ सालची आपली जहाजबांधणी आणि जहाजदुरुस्तीची आचारसंहिता २०१८ मध्ये नव्याने लिहिली. अमेरिकी नियमात मापांच्या आधी तीन अटी येतात, आणि माझ्या मते मापांपेक्षा त्याच महत्त्वाच्या आहेत. गँगवे पुरेसा मजबूत असावा, दुरुस्त ठेवलेला असावा आणि पक्का बांधलेला असावा.

पुरेसा मजबूत, पण कशाला पुरेसा? वाट सुरक्षित आहे असं नुसतं म्हणता येत नाही. कोणासाठी, किती जणांसाठी, कोणत्या वेळी, हे जोडल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. युरोपातल्या परांचीच्या मानकात नेहमीच्या कामासाठी जी तिसरी श्रेणी वापरतात, तिच्यात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. पादचारी पुलावर गर्दी होणार असेल तर दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास धरतात. अडीचपट. हा फरक कागदी नाही. हातात हत्यारांची पिशवी घेतलेला कामगार अंतर राखून जातो; मागून वेल्डिंगची केबल ओढत येणारा असतो म्हणून त्याला अंतर राखावंच लागतं. पाहुणे तसे जात नाहीत. ते घोळक्याने जातात, मध्ये थांबतात, खाली वाकून बघतात, मुलाला उचलून घेतात, पुढच्याला हाक मारतात. चाळीस-पंचेचाळीस माणसांचं वजन तीन टनांच्या आसपास भरतं, आणि ते सगळं एकाच बाजूच्या कठड्याला रेलू शकतं.

तपासात आणि पुढे खटल्यात हेच समोर आलं: एवढ्या माणसांचं वजन पेलण्याइतका तो गँगवे मजबूत नव्हता. बसवल्यानंतर तो वापरायला देण्याआधीच रोखायला हवा होता, आणि ते झालं नाही.

इथे मला आमच्याकडचा एक प्रसंग सांगावासा वाटतो, कारण अपघात कसा होतो हे अहवालात दिसतं, पण तो होऊ घातलेला असताना कसा दिसतो हे त्यातून कळत नाही. मुंबईतल्या एका गोदीत, जुलैमध्ये, सकाळी साडेसातला मी एका गँगवेच्या टोकाशी उकिडवा बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. वरून सगळं ठीक होतं: कठडे, खाली जाळी, पाय घसरू नये म्हणून ठोकलेल्या आडव्या पट्ट्या. खालून पाहिलं तर धक्क्याच्या बाजूच्या एका सांध्यात खिट्टी नव्हती. तिच्या जागी बांधकामाची तार तीन वेढे देऊन पिरगाळली होती. तारेवर गंज नव्हता, म्हणजे ती एक-दोन दिवसांतलीच. खिट्टी कुठेतरी पडली असेल, भांडारातून दुसरी आणायला चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर सही लागते, आणि काम थांबून राहत नाही. ज्याने तार बांधली तो कामचुकार नव्हता. त्याने त्याच्या परीने सोय केली होती.

मी गँगवे बंद करायला सांगितला. ठेकेदाराचा मुकादम धावत आला.

"साहेब, काल दोन पाळ्या ह्याच्यावरूनच गेल्या. काय झालं नाही."

"काल एकेक जण जात होता, मामा. आज भोंगा वाजला की शंभर माणसं जेवायला एकदम उतरतील."

मामांनी खाली वाकून तार पाहिली. काही बोलले नाहीत, डोक्यावरचं हेल्मेट काढून पुन्हा घातलं आणि खलाशांच्या टोळीला हाक मारली. खिट्टी बसेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत मला वरून तीन फोन आले. तिन्ही फोनांत प्रश्न एकच होता: सुरू कधी होणार? तार कोणी बांधली, खिट्टी का मिळाली नाही, हे कोणी विचारलं नाही. "काल काही झालं नाही" हे वाक्य गोदीत मी जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. सें-नाझेरचा गँगवेही शनिवारी दुपारी कोसळेपर्यंत उभाच होता.

आता कायद्याचा भाग. तो किचकट आहे, पण प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

गँगवे ठेकेदाराने बसवला असेल तर गोदीच्या मालकाची जबाबदारी संपते का? फ्रान्समध्ये या प्रश्नाचं उत्तर अपघाताच्या अकरा वर्षं आधीच लिहून ठेवलेलं होतं. २० फेब्रुवारी १९९२ च्या हुकुमानुसार, एखादी कंपनी आपल्या आवारात बाहेरच्या कंपनीकडून काम करून घेत असेल, तर काम सुरू होण्याआधी दोघांनी मिळून जागा पाहायची, एकमेकांच्या कामातून कोणते धोके उभे राहतात ते शोधायचे, आणि धोके असतील तर प्रतिबंधाचा आराखडा तयार करायचा. सगळ्याचा मेळ घालण्याची जबाबदारी आवार ज्याचं त्याची. शिवाय २८ फेब्रुवारी २००२ ला फ्रान्सच्या सर्वोच्च फौजदारी-दिवाणी न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या खटल्यांत म्हटलं होतं की कामगाराच्या सुरक्षेबाबत मालकावर परिणामाची जबाबदारी आहे. म्हणजे "मी प्रयत्न केला होता" एवढं सांगून मालक तेव्हा सुटत नव्हता.

खटला ऑक्टोबर २००७ मध्ये सें-नाझेरच्याच न्यायालयात उभा राहिला, अपघाताला चार वर्षं होत आली तेव्हा. आरोपी होत्या दोन कंपन्या, गोदी आणि ठेकेदार, आणि त्यांचे आठ कर्मचारी. ११ फेब्रुवारी २००८ ला निकाल लागला. निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधासाठी दोन्ही कंपन्या दोषी ठरल्या, त्यांना दंड झाला. आठही कर्मचाऱ्यांना त्या न्यायालयाने निर्दोष सोडलं. प्रकरण पुढे रेनच्या अपील न्यायालयात गेलं, आणि २००९ मध्ये तिथेही दोन्ही कंपन्या दोषीच राहिल्या.

या निकालात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या पाहिल्या पाहिजेत. पहिली मला अतिशय मोलाची वाटते: न्यायालयाने गोदी किंवा ठेकेदार असा पर्याय निवडला नाही, दोघांनाही धरलं. गँगवे ज्याने बसवला तो जबाबदार, आणि ज्याने आपल्या आवारात त्या गँगवेवर माणसं सोडली तोही जबाबदार. एकाचा दोष दुसऱ्याच्या दोषातून वजा होत नाही. ठेकेदारी जितकी खोल जाते तितकी ही गोष्ट ठणकावून सांगावी लागते, कारण करारपत्रात "सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील" असं एक कलम घालून मोकळं व्हायची सवय सगळीकडेच आहे. त्या कलमामुळे फार तर दोन कंपन्यांतला पैशाचा हिशोब बदलेल. कायद्याने मालकावर टाकलेलं कर्तव्य त्याने हलत नाही.

दुसरी गोष्ट गेलेल्यांच्या नातेवाइकांच्या दृष्टीने कठीण होती. फ्रान्समध्ये १० जुलै २००० च्या कायद्याने व्यक्ती आणि कंपनी यांच्यात फरक केला आहे. अपघात थेट न घडवता त्याला अप्रत्यक्ष कारणीभूत झालेल्या व्यक्तीला शिक्षा व्हायची असेल, तर तिने नियम जाणूनबुजून मोडलेला असावा लागतो, किंवा तिची चूक गंभीर आणि ठळक असावी लागते. कंपनीच्या बाबतीत साधा निष्काळजीपणाही पुरतो. त्यामुळे संस्था दोषी आणि तिच्यातली माणसं निर्दोष, असा निकाल तिथे कायद्याच्या चौकटीत बसतो. ज्याने मुलगी गमावली आहे त्याला तो कसा समजावून सांगायचा, ते मला येत नाही.

याच प्रश्नावरचा इंग्लंडमधला एक निकालही इथे आठवतो. २३ सप्टेंबर १९७६ ला टाइन नदीवरच्या स्वान हंटर गोदीत 'एचएमएस ग्लासगो' ही विनाशिका बांधली जात होती. ठेकेदाराच्या कामगाराने ऑक्सिजनचा पाइप रात्री खालच्या कप्प्यात तसाच ठेवला, कप्प्यात ऑक्सिजन साठला, सकाळी वेल्डरने ठिणगी पाडली आणि आठ माणसं जळून गेली. ऑक्सिजनच्या धोक्याबद्दल गोदीने एक निळी पुस्तिका काढलेली होती. ती गोदीच्या स्वतःच्या कामगारांना दिली होती, ठेकेदाराच्या कामगारांना नाही. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की आपल्या कामगारांना सुरक्षित ठेवायचं तर त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या बाहेरच्या माणसांनाही माहिती देणं हा कर्तव्याचाच भाग आहे. तिथे निळी पुस्तिका पोचली नाही, इथे गँगवेवरून किती माणसं जाणार हा आकडा पोचला नाही.

आपल्याकडे काय आहे? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जहाज बांधणं, दुरुस्त करणं, तोडणं हे सगळं 'उत्पादन प्रक्रिया' या व्याख्येत घेतलं होतं, म्हणून गोदी हा कारखानाच ठरत होता. कलम ३२ प्रमाणे, कोणालाही कधीही ज्या जागी काम करावं लागेल त्या प्रत्येक जागी जाण्याची सुरक्षित वाट पुरवायची आणि राखायची. 'आणि राखायची' हे दोन शब्द विसरू नका. तारेने बांधलेली खिट्टी त्या दोन शब्दांत येते. १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-अ ने हेच कर्तव्य भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे त्याच्यावर, कंपनीच्या बाबतीत म्हणजे संचालकावर, थेट टाकलं. ठेकेदारामार्फत आलेला कामगारही त्या कायद्यात कामगारच होता. वाट सुरक्षित ठेवणं व्यवहार्य नव्हतं असं म्हणायचं असेल, तर तसं सिद्ध करायचा भार कलम १०४-अ प्रमाणे आरोपीवर होता. कागदावर हा कायदा लेचापेचा मुळीच नव्हता.

त्यात एक फट मात्र होती. सगळी भाषा 'काम करणाऱ्या' माणसाची होती. सें-नाझेरला गँगवेवरून पडलेल्यांत कामगारांचे नातेवाईक होते, ते काम करायला आलेच नव्हते. अशा पाहुण्यांचा उल्लेख त्या कलमांत नीट सापडत नाही. त्या अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये ही फट भरली आहे. मालकाच्या माहितीने वा माहितीशिवाय, त्याच्या कामाच्या आवारात असलेल्या व्यक्तींच्या सुरक्षेची आणि आरोग्याची जबाबदारी कारखाना, खाण, गोदीकाम अशा ठिकाणी मालकावर टाकली आहे. "माहितीशिवाय" हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. "एवढी माणसं येणार हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं" ही पळवाट त्याने बंद होते.

जहाज ठरल्याप्रमाणे डिसेंबरात निघालं. ८ जानेवारी २००४ ला साउदॅम्प्टनला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचा नामकरण सोहळा झाला, आणि ते आजही प्रवासी घेऊन समुद्रावर आहे.

आमच्याकडच्या गँगवेच्या परवान्यात पूर्वी रुंदी, उंची, कोन, जाळी, दिवे आणि बांधणी असे सहा रकाने होते. एका वेळी किती माणसं, हा रकाना नव्हता. तो मी मागून घातला. त्याच्याखाली अजून दोन ओळी घातल्या: ही माणसं कामगार की पाहुणे, आणि तो आकडा गँगवेच्या तोंडाशी उभं राहून मोजणाऱ्याचं नाव काय. घरच्यांच्या भेटीच्या दिवशी त्या माणसाला दुसरं कुठलंच काम द्यायचं नाही, वॉकीटॉकीवर उत्तर द्यायचंसुद्धा नाही. आकड्याच्या रकान्यात "आवश्यकतेनुसार" असं लिहून परवाना आला की तो मी परत पाठवतो.